ग्योल, लेक, तळं

माझा धाकटा भाऊ तुर्कस्तानात पाण्यात बुडून गेला. तो कसा गेला हे तिथल्या एका कागदावर तुर्की भाषेत लिहिलेलं होतं. त्या कागदाचं इंग्रजी मी केलं आणि ते चुकीचं केलं. माझ्या चुकीनं तो गेला नाही, तो आधीच गेला होता. पण गेल्यावर घरात त्याच्याबद्दल जे काही बोललं गेलं, जे मनात धरलं गेलं, ते सगळं माझ्या त्या इंग्रजीवरून.

मी नाशकात एका शाळेत इंग्रजी शिकवते, अठ्ठावीस वर्षं झाली. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो सहावीत असताना आई गेली, वडील शिफ्टवर असायचे, त्यामुळे त्याचे डबे, त्याची दप्तरं, त्याचं आजारपण हे माझ्याकडेच आलं. त्याचा अभ्यासही. इंग्रजीत तो ढ होता. मी त्याला समोर बसवून स्पेलिंगं घोकून घ्यायचे आणि चुकला की तळहातावर पट्टी मारायचे. एकदा फळ्यावर लिहितात तसं मी वहीत ‘लेक म्हणजे तळं’ असं लिहून दिलं, तर तो म्हणाला, लेक म्हणजे तर मुलगी. मला वाटलं मुद्दाम करतोय. त्याला पट्टी बसली. आता आठवतं की तो मुद्दाम करत नव्हता.

दहावीनंतर त्यानं आयटीआय केलं आणि अंबडला एका शेडमध्ये फिटर म्हणून लागला. पंचवीस-तीस माणसांची शेड. कांदा, लसूण, मिरची वाळवायची यंत्रं तिथं बनायची. लासलगावकडच्या कांदा वाळवणाऱ्या कारखान्यांत त्यांची बरीच यंत्रं आहेत. हाताला तो चांगला होता. मालक त्याच्यावर नवी यंत्रं बसवून, चालू करून देण्याचं काम सोपवायचे. लग्न झालं, मुलगी झाली, सिडकोत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यानं खोल्या घेतल्या. रविवारी सगळी माझ्याकडे जेवायला असायची.

त्याला पाण्याचा भारी सोस. लहानपणापासून नदी, कालवा, विहीर काहीही चालायचं. एकदा गंगापूर धरणाच्या कालव्यात तो वाहून जाता जाता राहिला, दोन शेतकऱ्यांनी दोर टाकून बाहेर काढला. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या भावजयीच्या कानावर गेली. म्हणून शेडचं यंत्र तुर्कस्तानात बसवायला जायचं ठरलं तेव्हा तिनं त्याच्याकडून शपथ घेतली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्याला म्हणायला लावलं की परक्या मुलखात पाण्यात उतरणार नाही. मी तिथंच होते. त्यानं हसत हसत हात ठेवला, पण शपथ नीट घेतली.

सोबत मालेगावचा एक वेल्डर होता. तो भावाच्या वयाचा, शांत माणूस, शेडमध्ये दोघांची जोडीच होती. तीन महिन्यांचं काम. संक्रांत झाली आणि दोघं निघाले.

त्या तीन महिन्यांइतकं आम्ही दोघं भाऊ-बहीण कधीच बोललो नसू. त्याचा कारखाना एका लहान गावाबाहेर होता. कामावरून आला की तो मला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. सगळ्यात जास्त असायचे शब्द. ज्या मुलाच्या डोक्यात इंग्रजी शिरलं नाही, तो ऐकून ऐकून तुर्की बोलायला लागला होता. तिथं तळ्याला ग्योल म्हणतात आणि गुलाबाला ग्युल. त्यानं घरमालकिणीला सांगितलं म्हणे की तुमच्या अंगणात तळी फार सुंदर फुलली आहेत. ती बाई पोट धरून हसली आणि शेजारणींना बोलावून त्याच्याकडून परत म्हणून घेतलं. दुसऱ्या एका वेळी तो फार खुशीत होता. कॅन्टीनमधल्या आचाऱ्यानं त्याला एक म्हण सांगितली होती, दामलाया दामलाया ग्योल ओलूर. थेंब थेंब करून तळं होतं. “ताई, ही तर आपलीच म्हण आहे,” तो म्हणत होता. “थेंबे थेंबे तळे साचे. यांच्याकडे कशी गेली?” इंग्रजीत असं आहे का, असंही त्यानं विचारलं. मी म्हटलं, तळ्याची नाही, दुसऱ्या शब्दांत आहे. त्यावर तो म्हणाला, मग बरोबर, म्हणूनच मला इंग्रजी आलं नाही.

एका रविवारी त्यानं गावाजवळच्या मोठ्या तळ्याचे फोटो पाठवले. पलीकडचा काठ दिसत नव्हता, वर पक्ष्यांचे थवे, अगदी आपल्या नांदूरमधमेश्वरसारखे. खाली लिहिलं होतं, ‘ग्योल. फक्त काठावर बसलोय, घरी सांग.’ एका फोटोत तो काठावर बसलेला होता, तो मी भावजयीला दाखवला. तिनं तो मोठा करून त्याचे पाय कोरडे आहेत का ते पाहिलं.

काम संपायला दहा-बारा दिवस उरले असताना एका सोमवारी शेडच्या मॅनेजरचा फोन मला शाळेत आला. घरचा नंबर म्हणून भावानं माझा दिला होता. मधली सुट्टी होती, व्हरांड्यात मुलांचा गोंगाट होता, आणि मॅनेजरला तेच वाक्य मला तीन वेळा सांगावं लागलं.

संध्याकाळी तिकडून एका पानाचा फोटो आला. सरकारी कागद, हातानं भरलेला, मधोमध घडी. मॅनेजर घरी येऊन बसले. म्हणाले, विमान कंपनीला आणि आमच्या फाईलला याचं इंग्रजी लागेल. रीतसर भाषांतर मागाहून मुंबईहून करून घेऊ, पण त्यात आठवडा जाईल आणि तोवर तो तिथंच राहील. तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका आहात, आतापुरतं तुम्ही करून सही द्या. मी हो म्हटलं. रडण्याव्यतिरिक्त काहीतरी करायला मिळालं याचं मला त्या वेळी बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

फोनमधल्या भाषांतराच्या ॲपसमोर मी तो फोटो धरला. तोडकंमोडकं इंग्रजी आलं. वय, देश, रविवार, मग एक ओळ, तिचा अर्थ होत होता ‘ती व्यक्ती तळ्याला पडलेली’. बोटांबद्दल काहीतरी होतं, त्याचा अर्थ लागत नव्हता, ते मी सोडून दिलं. मुख्य ओळ तेवढी नीट करायला घेतली. आधी लिहिलं, तो तळ्यात पडला. मग ते खोडलं. माणूस विहिरीत पडतो, हौदात पडतो. लेकमध्ये कोण पडतं? लेकचा काठ उतरता असतो, माणूस त्यात चालत जातो. मुलांच्या निबंधात असं वाक्य आलं असतं तर मी खाली रेघ मारली असती. शिवाय त्या तळ्याचा फोटो माझ्याकडे होता, आणि भावाला मी ओळखत होते. मी लिहिलं, सुट्टीच्या दिवशी तो तळ्यात उतरला आणि बुडाला. इंग्रजीत ते वाक्य निर्दोष होतं. खाली माझं नाव, शाळेचं नाव, सही.

भावजयीला ते मीच मराठीत सांगितलं. ती ऐकत होती, आणि मी ‘उतरला’ म्हटल्यावर तिनं माझ्याकडे एकदम पाहिलं. “उतरला?” तिनं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

पेटी आठव्या दिवशी आली. मुंबईहून गाडीनं आणली. झाकणाच्या कडांवर लाखेच्या लाल मोहोरा होत्या, त्या मॅनेजरनी आणि शेजाऱ्यांनी पान्ह्यानं फोडल्या. आत तो पांढऱ्या कापडात होता, फक्त चेहरा उघडा ठेवला होता. बाकी कोणी काही उघडून पाहिलं नाही. सगळं लवकर उरकलं.

आमच्या नाशकात लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात, हॉटेलात उतरतात, गुरुजींचे पत्ते विचारत फिरतात. आम्हाला नदीचा घाट घरून रिक्षानं वीस मिनिटं. तरी भावजय दहाव्याला आली नाही. मुलीला माझ्याबरोबर पाठवलं. मला वाटलं तिची ताकद संपली असेल. पण पुढच्या महिन्यांत कळत गेलं की ती त्याच्यावर रागावली होती. साधा राग नव्हता. शपथ मोडून, मुलीच्या डोक्यावरचा हात खोटा करून तो पोहायला गेला, असं तिच्या मनात बसलं. भिंतीवर फोटो लावला नाही. वर्षश्राद्ध माझ्या घरी झालं. कोणी त्याचं कौतुक काढलं, किती गुणी होता म्हणालं, की ती उठून आत जायची. मुलगी तेव्हा आठवीत. एकदा ती बापाच्या आठवणीनं रडत असताना मी दारात होते, आणि भावजय तिला म्हणाली, “तुझ्या बाबांना तू नको होतीस, पाणी हवं होतं.” मी आत गेले नाही. तशीच परत फिरले. मलाही त्याचा राग यायचा. रागात आम्ही दोघी एकमेकींना धरून होतो, असंही म्हणता येईल.

मालेगावचा वेल्डर तिथंच राहिला होता. यंत्र चालू करून दिल्यावर त्याला दुसऱ्या एका ठेकेदारानं कामावर घेतलं. भाऊ गेल्याच्या आठवड्यात त्याचा एक फोन आला होता, पण त्याला बोलताच आलं नाही आणि मी काही विचारलं नाही. जवळजवळ दोन वर्षांनी त्याची तिथली मुदत संपली, तो परत आला आणि चौथ्या दिवशी आमच्याकडे आला. पेढे नाहीत, फळं नाहीत, हातात काही न घेता आला. बसल्यावर चप्पल काढलेल्या पायांकडे बघत होता.

मी त्याला पाणी दिलं आणि सांत्वनाचं बोलावं तसं बोलले, की काय करणार, त्याला पाण्याचा नादच होता. त्यानं हळू विचारलं की नाद म्हणजे काय. मी म्हटलं, पोहायला गेला ना तळ्यावर. तो म्हणाला, कोण गेलं पोहायला?

मी मोठ्या तळ्याचं नाव काढलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

“ताई, तळं कसलं. शेततळं होतं ते, कारखान्याच्या मागचं. प्लास्टिकवालं. आपल्या द्राक्षवाल्यांकडे असतात ना, तसंच.”

नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. शेततळं म्हणजे खणलेला चौकोनी खड्डा, उतरत्या भिंती, वर काळं जाड प्लास्टिक अंथरलेलं. ओलं झालं की त्यावर शेवाळ धरतं. पडलेल्याला पाय रोवायला काही नसतं, धरायला काही नसतं. पट्टीचा पोहणाराही दमेपर्यंत पोहतो आणि मग संपतो. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते. शाळेत दर वर्षी मी मुलांना बजावते की शेततळ्याच्या काठावर जायचं नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. कांदा धुण्याचं पाणी त्या तळ्यातून पंपानं यायचं. शनिवारी पाणी कमी येऊ लागलं, पाइपाच्या टोकाची जाळी तुंबली असणार. सोमवारी मालकांना यंत्र चालवून दाखवायचं होतं. वेल्डर तीन दिवस बंदरावर अडकलेल्या एका खोक्यासाठी दुसऱ्या शहरात गेला होता. रविवारी भाऊ एकटाच कारखान्यात गेला, बहुतेक जाळी साफ करायला. सोमवारी सकाळी पहारेकऱ्यानं पाहिलं. वेल्डर परत आला तेव्हा त्याला हॉस्पिटलात ओळख पटवायला नेलं.

“पायात सेफ्टी शूज होते ताई,” तो म्हणाला. “शूज घालून कोण पोहतं?”

मी विचारलं, मग हे तेव्हाच का नाही सांगितलं. त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, कागदावर होतं की. तिथं सगळे त्या तळ्याला नुसतं ग्योलच म्हणायचे, कागदावर तर नीट लिहिलेलं होतं. त्याला वाटलं होतं की नाशकात सगळ्यांना माहीत आहे.

वेल्डर निघून गेल्यावर मी जुन्या फोनमधला फोटो काढला. शाळेतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर तो दहापट मोठा केला. बरोबर घडीवरच तो शब्द होता. मी त्याला ग्योले समजले होते, ॲपही तेच समजलं होतं. ग्योले म्हणजे तळ्यात. घडीच्या सुरकुतीत आणखी दोन रोमन अक्षरं दबली होती, शब्द होता ग्योलेते. ग्योलेत म्हणजे खणून केलेलं लहान तळं. आणि पुढचं क्रियापद उतरण्याचं नव्हतंच. पडण्याचं होतं. ॲपनं ते पहिल्या दिवशीच बरोबर सांगितलं होतं. ते मी बदललं होतं.

त्यानंतर मी तुर्की शिकायला घेतलं. कोणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं. सकाळी शाळेआधी तासभर, फोनवरचे फुकटचे धडे आणि मागवून घेतलेला एक शब्दकोश. मला त्या एका पानातला प्रत्येक शब्द स्वतः वाचायचा होता, मध्ये कोणी नको होतं. वर्ष गेलं. ग्योल हा शब्द मी जितक्या ठिकाणी सापडेल तितक्या ठिकाणी पाहिला. धरणाचा जलाशय असतो तोही ग्योल, आधी धरणाचा शब्द लावून. पावसानं रस्त्यात पाणी तुंबलं तरी रस्ता ग्योल झाला म्हणतात. रक्ताचं थारोळं असतं ना, तेही त्यांच्याकडे रक्ताचं ग्योल. आपण थारोळं म्हणतो, डबकं म्हणतो, डोह म्हणतो, त्यांचं बरंचसं त्या एकाच शब्दावर भागतं. मग मी शाळेच्या ग्रंथालयातला मोठा इंग्रजी कोशही काढला. जन्मभर शिकवलेला शब्द, तो मी कधी उघडून पाहिलाच नव्हता. लेक, एक, तळं. लेक, दोन, लाल रंग, लाखेपासून करतात तो. आपली लाखच तिकडे जाऊन लेक झालेली. मी ते वाचलं, कोश मिटला आणि जागेवर ठेवला. अशा गोष्टी कळून आनंद व्हायचे माझे दिवस संपले होते.

त्या पानातलं ते क्रियापद होतं द्युश्म्युश. पडणं म्हणजे द्युश्मेक, तो पडला म्हणजे द्युश्त्यु. मग हे द्युश्म्युश काय, ते कळायला मला कितीतरी आठवडे लागले. डोळ्यांनी न पाहिलेली, नुसती कानावर आलेली किंवा खुणांवरून ताडलेली गोष्ट सांगायची असेल तर तुर्की लोक क्रियापदाला असं शेपूट लावतात. मराठीत आपण शेवटी ‘म्हणे’ लावतो, तसंच. म्हणजे कागद बरोबर वाचला तरी त्यात एवढंच लिहिलेलं होतं की तळ्यात पडला म्हणे. कोणीच पाहिलं नव्हतं.

भावजयीला सांगायला मी तेवढं थांबायला नको होतं. पण मला आधी स्वतःची खात्री करायची होती, किंवा मला भीती वाटत होती. मी गेले तेव्हा ती मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. शेततळं, जाळी, शूज. शेवटी ‘उतरला’ हा शब्द माझा होता, कागदाचा नव्हता, हेही सांगितलं. त्यानं शपथ मोडली नव्हती.

तिनं निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकत्र केली. ती त्यात हात घालून बसली. मला वाटत होतं ती मला घराबाहेर काढेल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“तीन वर्षं मी त्याला शिव्या दिल्या,” ती म्हणाली. “मनातल्या मनात, रोज. उठल्यावर पहिलं तेच. त्यावरच मी उभी होते, ताई. आता मी कुणावर रागवू?”

मी म्हटलं, माझ्यावर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. तेवढंही तिच्यात उरलं नव्हतं. नंतर तिनं मुलीला हाक मारली, आणि मी मुलीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुलगी आता अकरावीत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, की मग बाबांचा फोटो लावायचा का. दोघींनी मिळून तो लावला. मी स्टूल धरून उभी होते. फोटो लावल्यावर घरात काही बदललं नाही. भावजय त्याच्याकडे पाठ करून बसायची ती तशीच बसत राहिली. आता रागामुळे नव्हे. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मी शेडवर गेले. मॅनेजर तेच होते, केस पांढरे झाले होते. त्यांनी मला चहा दिला, भावाची आठवण काढली, त्यांचे डोळेही भरून आले. मी नवीन भाषांतर समोर ठेवलं. त्यांनी कपाटातून जुनी फाईल काढली आणि माझ्या सहीचा कागद माझ्यापुढे केला.

“मॅडम, हे इंग्रजी तुमचंच आहे ना?”

ते टोचून बोलले नाहीत. खरंच विचारत होते. सुट्टीच्या दिवशी स्वतःहून पाण्यात उतरला असं घरच्यांनीच लिहून दिलं होतं, त्यावर सगळ्यांच्या फाईली बंद झाल्या होत्या, मुंबईचं भाषांतर मागाहून कोणी करून घेतलंच नव्हतं. आता तो कामावर असताना गेला असं म्हटलं तर त्यांना वरून विचारलं जाईल की मग आधी असं का लिहिलं. मी शेडमधून बाहेर पडताना त्याच्या जागेवर दुसरा कोणी तरी पान्हा घेऊन वाकलेला होता. मला त्याचा चेहरा बघायचा नव्हता.

कामावर असताना गेलेल्याच्या घरच्यांना भरपाई मिळते, तिच्यासाठी सरकारी कचेरीत गेले तर ते म्हणाले प्रमाणित भाषांतर आणा, तुमचं चालणार नाही. ते मुंबईहून करून आणलं. त्या भाषांतरकारानं ग्योलेतला इंग्रजीत रिझर्व्हायर म्हटलं. कोशात तसंच आहे, त्याची चूक नाही. कचेरीतल्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, रिझर्व्हायर म्हणजे धरण ना, मग रविवारी तो धरणावर का गेला होता? मी त्यांना शेततळं समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं, त्या निफाडच्याच होत्या, त्यांच्या भावाच्या मळ्यात शेततळं आहे. पण कागदावर शेततळं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि इंग्रजीत त्याला शब्द नसेल तर मी काय करू. वेल्डरनं जबाब दिला. त्यात त्यानं खरं तेच सांगितलं, की मी तिथं नव्हतो, मी पाहिलं नाही. अर्जावर आवक शिक्का बसला. त्याला आता दीड वर्ष झालं. मी अधूनमधून जाऊन विचारते. त्या बाईंची बदली झाली. नवीन माणसाला मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, पण तुम्ही शिक्षिका आहात ना, मग अशी चूक कशी झाली.

गेल्या दिवाळीत भावजयीनं माझ्याकडे एक मागणं केलं. आजवर तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणाली, त्या कागदाचं मराठी करून द्या. सगळं, वरपासून खालपर्यंत, जसंच्या तसं. मुलीजवळ ते असू दे, तिला बापाबद्दल कुणाच्या तोंडून ऐकायला नको.

मी रीतसर बसले. कोरा कागद, शेजारी शब्दकोश. सगळ्या ओळी केल्या. ‘पडला म्हणे’ हेही तसंच ठेवलं. मग बोटांची ओळ आली, पहिल्या दिवशी अर्थ लागत नव्हता म्हणून मी सोडून दिली होती ती. आता ती मला शब्दशः कळत होती. दहाही बोटांची टोकं सोलवटली होती, नखं उलटली होती, आणि नखांत काळं प्लास्टिक होतं. शेवटी डॉक्टरनं आपलं मत लिहिलं होतं की हे बराच वेळ चाललं असावं.

मी त्या ओळीचं मराठी केलं नाही. कागदावर ओळ सुटलेली दिसू नये म्हणून सगळ्याच ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं, सही केली आणि नेऊन दिलं. भावजयीनं ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवून दिलं. म्हणाली, बरं झालं, म्हणजे पटकन गेला.

मी हो म्हटलं.

तेव्हापासून रविवारी मी त्यांच्याकडे जाते, त्या माझ्याकडे येत नाहीत. भावजय आता एका द्राक्षांच्या पॅकिंग हाउसमध्ये कामाला जाते, मुलगी कॉलेजात आहे. आम्ही तिघी जेवतो. मुलगी हुशार आहे, मोजकं बोलते, आणि मूळ कागदाचा फोटो तिच्या फोनमध्ये आहे, तो मीच तिला पाठवला होता. कधी कधी जेवताना ती फोनमध्ये काहीतरी वाचत असते आणि मध्येच मान वर करून माझ्याकडे बघते. मी ताटाकडे बघते. भाजी वाढू का, असं भावजय विचारते, आणि मी वाढ म्हणते.